अफूच्या डोंगरावर फळबाग : थायलंडच्या रॉयल प्रोजेक्टची वाटचाल

व्यसनमुक्तीच्या कामाला वाहिलेल्या स्मरणिकेत परदेशातल्या एका शेतीसंस्थेचा इतिहास घेतला आहे, त्याला कारण आहे. व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रुग्ण, समुपदेशक, घरची माणसे आणि पाठपुराव्याच्या बैठका येतात. नशेने घर धरल्यानंतरचे हे काम. ती नशा ज्या शेतात पिकते तिथे जाऊन, पिकवणाऱ्याच्या पोटावर पाय न देता त्याचे पीक बदलण्याचे काम जगात फार थोड्यांनी हाती घेतले आणि त्याहूनही थोड्यांना ते साधले. उत्तर थायलंडमध्ये १९६९ साली सुरू झालेला रॉयल प्रोजेक्ट हा अशा प्रयत्नांपैकी अगदी सुरुवातीचा आणि माझ्या मते सर्वांत शहाणा. अनेक देशांचा पैसा आणि ज्ञान त्यात आले, पण काय लावायचे आणि केव्हा थांबायचे हे डोंगरावर काम करणाऱ्यांनी ठरवले. त्या ठरवण्यातला क्रम कसा होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

या डोंगरांत अफू कशी आली हे सांगताना मुंबईचे नाव टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून आणि बिहार-बनारसची अफू कलकत्त्यातून चीनला जात होती. मुंबईतल्या कित्येक मोठ्या पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. चीनमध्ये व्यसन पसरले तशी तिथल्या युन्नान, सिच्वान या प्रांतांत पोस्ताची, म्हणजे अफूच्या झाडाची, लागवडही वाढली. युन्नानमधून दक्षिणेकडे सरकत आलेल्या ह्मोंग, मिएन, लाहू, लिसू, आखा अशा डोंगरी लोकांबरोबर ते बियाणे लाओस, ब्रह्मदेश आणि सयामच्या (आजच्या थायलंडच्या) उंच उतारांवर पोहोचले. सयाममध्ये राजा मोंगकुटच्या काळात अफूविक्रीचा मक्ता दिला जाऊ लागला. १८५५ च्या बाउरिंग कराराने इंग्रज व्यापाऱ्यांना जकात न भरता अफू आणण्याची मुभा मिळाली. अट एवढीच, की ती मक्तेदारालाच विकायची. पुढे सुमारे शंभर वर्षे सरकारी तिजोरीत अफूचा पैसा येत राहिला.

डिसेंबर १९५८ मध्ये सरित थानारत यांच्या सरकारने अफूची विक्री आणि सेवन बेकायदा ठरवले. पुढच्या वर्षी अफूचे अड्डे बंद झाले आणि बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर अफू ओढण्याच्या नळ्यांची होळी करण्यात आली. शहरातले अड्डे गेले, डोंगरातली शेती मात्र तशीच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९६७ च्या पाहणी पथकाने १९६५-६६ च्या हंगामाचा अंदाज मांडला तो असा : लागवड सुमारे १८,००० हेक्टर, उत्पादन १४५ टन.

ही शेती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. हजार मीटरच्या वरच्या उतारावर जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती. आपल्या कोकणात जिला कुमरी म्हणतात तीच. मका उभा असतानाच सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच्यात पोस्त फेकायचे. मका काढला की पोस्ताला ऊन मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत बोंडे भरली की तीन पात्यांच्या सुरीने चिरा द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेला चीक खरवडून घ्यायचा. मेहनत अफाट आणि घरातल्या बायकामुलांसकट सर्वांची. पण नगदी पीक म्हणून अफूचे गुण पाहा. ती नासत नाही. वर्षभराची कमाई एका माणसाच्या पाठीवर मावते. रस्ता लागत नाही, शीतगृह लागत नाही, बाजार गाठावा लागत नाही. खेचरांचे तांडे घेऊन व्यापारी दारात येतो आणि पुढच्या हंगामाची उचलही देऊन जातो. तांदूळ कमी पडला तर अफूवर तांदूळ मिळतो. दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर असतो, तेव्हा खोकला, जुलाब, दुखणे यांवर घरातले औषधही तीच. अशा पिकाला पर्याय द्यायचा म्हणजे एका रोपाच्या जागी दुसरे रोप लावून भागत नाही. व्यापारी, सावकार, वाहतूकदार आणि वैद्य, या सगळ्यांच्या जागा भरून काढाव्या लागतात. पर्यायी पिकाच्या बहुतेक योजना जगभर फसल्या त्या इथेच.

चियांग माईजवळच्या डोंगरावर १९६१ मध्ये भूपिंग राजवाडा बांधला गेला. हिवाळ्यात राजे भूमिबोल अदुल्यदेज तिथे येत आणि आसपासच्या वस्त्यांवर पायी जात. जवळच दोई पुई हे ह्मोंग गाव होते. तिथल्या शेतकऱ्यांना त्यांनी विचारले, की अफूशिवाय आणखी कशाचे पैसे मिळतात? उत्तर आले, पीचचे. परसात वाढणारी गावठी, बारीक, लोणच्याच्या उपयोगाची पीच. हिशेब मांडला तेव्हा दिसले, की या गावठी फळाचे उत्पन्न अफूच्या उत्पन्नाच्या बरोबरीने येते. संस्थेच्या सगळ्या इतिहासांत हा प्रसंग येतो आणि तो यायलाच हवा, कारण पुढची सगळी आखणी त्यातून निघाली. गावठी पीच एवढे देत असेल, तर त्याच खुंटावर चांगल्या जातीचे कलम बांधले तर काय होईल? उत्तर बाहेरून आणावे लागले नाही. शेतकऱ्याच्या परसातच ते उभे होते. ते कोणीतरी विचारायला हवे होते.

कासेत्सार्त विद्यापीठाला राजांनी दोन लाख बाट दिले. त्यातून दोई पुईवर प्रयोगासाठी जमीन घेतली गेली. तिचे नाव पडले ‘सुआन सोंग सेन’, म्हणजे दोन लाखांची बाग. ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून असलेल्या आंग खांगच्या खोऱ्यात १९६९ मध्ये पहिले संशोधन केंद्र सुरू झाले. त्या वेळी तिथले डोंगर बोडके होते आणि उतारांवर पोस्त फुलत होते. कामाची सूत्रे राजघराण्यातल्या भीसदेज रजनी यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहून ‘मुक्त थाई’ चळवळीत काम केलेला हा माणूस पुढची जवळजवळ पाच दशके डोंगर चढत-उतरत राहिला. २०२२ मध्ये, वयाची शंभरी गाठून, ते गेले. कासेत्सार्त, चियांग माई आणि मेजो या शिक्षणसंस्थांतले प्राध्यापक सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून डोंगरावर जात. कामाची सूत्रे चार ठरली होती : कागदपत्रांचे टप्पे कमी करा, लवकर करा, लोकांना स्वतःची मदत स्वतः करता येईल अशी मदत करा आणि बुद्धमूर्तीच्या पाठीला सोन्याचा वर्ख लावा. शेवटच्या सूत्राचा अर्थ, श्रेयासाठी काम करू नका. मूर्तीच्या मुखावर वर्ख लावला तर सगळ्यांना दिसतो, पाठीवरचा कोणाला दिसत नाही.

आता परदेशांच्या सहकार्याविषयी. पहिली मोठी मदत तैवानची. तिथल्या निवृत्त सैनिकांच्या पुनर्वसनासाठी उंच डोंगरांवर फळबागा उभ्या केलेल्या होत्या. त्या अनुभवाची माणसे आणि पीच, नासपती, आलुबुखार, पर्सिमन यांची रोपे थायलंडला आली. १९७५ मध्ये थायलंडने बीजिंग सरकारला मान्यता दिली आणि तैवानशी अधिकृत संबंध तुटले, तरी बागायतीचे सहकार्य सुरूच राहिले. राजनैतिक संबंध तुटूनही शेतकऱ्यांच्या पातळीवरचे नाते टिकले, ही गोष्ट मला या इतिहासात फार मोलाची वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७० च्या दशकात विद्यापीठांच्या संशोधनाला पैसा दिला. कोणत्या उंचीवर कोणते पीक येते, कोणती कीड पडते, अशा मूलभूत प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळाली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ नियंत्रण निधी स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक थायलंडचे होते. मोजकी गावे घेऊन १९७९ पर्यंत पीकबदल आणि गावविकासाचा प्रकल्प चालला. पुढे नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांनी स्वतंत्र प्रकल्प घेतले, प्रत्येकाने आपापली खोरी निवडली.

याच काळात दुसऱ्या पद्धतीचाही प्रयोग झाला. चिनी यादवीत हरून सीमेवर स्थिरावलेल्या राष्ट्रवादी सैन्याच्या तुकड्यांचा अफूच्या वाहतुकीवर ताबा होता. मार्च १९७२ मध्ये अमेरिकी पैशाने त्यांच्याकडून २६ टन अफू विकत घेऊन चियांग माईजवळ जाळण्यात आली. छायाचित्रे जगभर गेली. त्या ढिगात भेसळ होती, असे आरोप त्याच वर्षी वर्तमानपत्रांतून झाले. भेसळ असो वा नसो, पुढच्या हंगामात पोस्त पुन्हा पेरले गेलेच. त्याच वर्षी फांग इथे फळे टिकवण्याचा पहिला कारखाना उभा राहिला. त्याचे छायाचित्र कोणी छापले नसेल, पण या दोन घटनांपैकी टिकला तो कारखाना.

कारखान्याची गरज अनुभवातून कळली होती. पहिली काही वर्षे रोपे जगली, फळे धरली आणि बाजारात पोहोचेपर्यंत सडली. पावसाळ्यात चिखलात ट्रक रुतत. कॉफीवर तांबेरा पडे. कोबी लावायला सोपा, पण सगळ्यांनी लावला की भाव कोसळे. संयुक्त राष्ट्रांनी १९८० च्या सुमारास हाती घेतलेल्या पुढच्या प्रकल्पाच्या नावातच ‘उत्पादन’ शब्दाच्या जोडीला ‘पणन’ हा शब्द आला, तो या अनुभवामुळे. रॉयल प्रोजेक्टने तर खरेदीची जबाबदारीच स्वतःवर घेतली. केंद्रावर माल घ्यायचा, प्रतवारी करायची, थंड गाडीने चियांग माई आणि बँकॉकला न्यायचा, ‘दोई खाम’ या नावाने डबाबंद फळे, रस, मुरंबे विकायचे. दारात येणाऱ्या अफूच्या व्यापाऱ्याला हे खरे उत्तर होते. माल घ्यायला कोणीतरी ठरल्या दिवशी, ठरल्या भावाने येणार, हा भरवसा शेतकऱ्याला मिळाला आणि मग त्याने स्वतःहून पोस्ताचे क्षेत्र घटवायला सुरुवात केली. पिकांची यादी वाढत गेली : अरेबिका कॉफी, राजमा, गाजर, लेट्यूस, शेवंती, कार्नेशन, पुढे थंड पाण्यातला ट्राउट मासा.

स्ट्रॉबेरीचे उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचे वाटेल. प्रकल्पाने परदेशी जातींची निवड करत करत थायलंडच्या हवेला मानवणाऱ्या जाती दिल्या. ‘राजाने दिलेली’ अशा अर्थाचे नाव आणि त्यापुढे आकडा, अशी त्यांची ओळख. त्यातली ‘८०’ ही जात राजांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमाराची. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्याला आजही मातृरोपांसाठी मोठ्या प्रमाणावर परदेशाकडे पाहावे लागते. डोंगराच्या उंचीवर, शेतकऱ्यांच्या वाफ्याशेजारी चाळीस वर्षे नेटाने चालणारे संशोधन केंद्र काय देऊ शकते, हे आपल्या कृषी विद्यापीठांनी तिथे जाऊन पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, काय करायचे नाही हा. अमली पदार्थ नियंत्रण मंडळ १९७६ च्या कायद्याने स्थापन झाले, तरी उभे पोस्त कापण्याची मोहीम नियमितपणे सुरू झाली ती १९८४-८५ च्या हंगामात. म्हणजे पहिले कलम बांधल्यावर जवळजवळ पंधरा वर्षांनी. बाहेरून घाईचा दबाव होता. अमेरिकी शहरांत हेरॉइनने माणसे मरत होती आणि तिथल्या सरकारांना लवकर दाखवता येईल असा परिणाम हवा होता. पण डोंगरांत कम्युनिस्ट बंडाळी चालू होती, ह्मोंग तरुण तिच्यात सामील झाले होते. पर्याय हातात नसताना शेत कापले असते तर शेतकरी उपाशी राहिला असता आणि त्याचा मुलगा जंगलात गेला असता. राजांनी हे स्पष्ट ओळखले होते. आधी पीक, मग बाजार, मग रस्ता, शाळा, दवाखाना आणि नागरिकत्वाची कागदपत्रे, आणि सगळ्यांत शेवटी विळा. कापणी सुरू झाली तेव्हा ज्यांच्या हातात दुसरे उत्पन्न होते त्यांनी ती सोसली. १९९० चे दशक संपताना देशातले पोस्ताचे क्षेत्र हजार हेक्टरच्या आत आले होते.

या कामाला १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये प्रकल्पाचे रूपांतर प्रतिष्ठानात झाले. १९९४ मध्ये ‘दोई खाम’ची वेगळी कंपनी झाली आणि २००५ मध्ये हेच ज्ञान इतर डोंगराळ गावांपर्यंत न्यायला सरकारने डोंगरी संशोधन आणि विकासाची स्वतंत्र संस्था काढली.

गौरवाबरोबर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा इतिहास अपुरा राहील. पोस्ताला औषधफवारणी जवळजवळ लागत नव्हती. कोबी आणि फुलांना भरपूर लागली. दोई इंथानोनच्या पायथ्याशी चोम थोंग भागात खालच्या गावांनी वरच्या ह्मोंग शेतकऱ्यांवर पाणी अडवल्याचा आणि विषारी केल्याचा आरोप केला. तो वाद १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे बराच चिघळला. प्रकल्पाला कीटकनाशकांच्या तपासणीची, सुरक्षित आणि सेंद्रिय शेतीची घडी त्यानंतर बसवावी लागली.

त्याहून जिव्हाळ्याचा विषय गावातल्या व्यसनी माणसांचा. पिकाची गणिते मांडताना सुरुवातीला त्यांच्याकडे कमी लक्ष गेले. अफू मिळेनाशी झाली तेव्हा म्हातारी माणसे तळमळली आणि काही तरुण हेरॉइनकडे वळले. सुई आली, सुईबरोबर एचआयव्ही आला. चियांग माईजवळच्या मे रिमच्या सरकारी उपचार केंद्रात माणसे नेली जात, बरी होऊन परत येत आणि त्याच झोपडीत पुन्हा सुरुवात करत. थाई-जर्मन प्रकल्पाने म्हणून गावातच, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या साथीने अफू सोडवण्याचे प्रयोग केले. उपचारानंतर माणूस परततो त्या घराला आणि गावाला तयार करावे लागते, हे आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे ब्रह्मदेशातल्या प्रयोगशाळांतून ‘याबा’ नावाच्या मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या येऊ लागल्या. या नशेला ना शेत लागते, ना हंगाम. पीकबदलाची विद्या तिच्यापुढे चालत नाही. त्या संकटाला थायलंडच्या सरकारने २००३ मध्ये बंदुकीने उत्तर द्यायचे ठरवले आणि पहिल्या तीनच महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतल्या पुष्कळांचा अमली पदार्थांशी संबंधच नव्हता, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. ज्या देशाने पोस्तावर विळा चालवायला पंधरा वर्षे वाट पाहिली, त्याच देशात हे घडले याचे दुःख वाटते.

बाहेरच्या जगाने मात्र थायलंडकडून पहिला धडा घेतला. चियांग राय प्रांतातल्या दोई तुंग इथे राजमाता श्रीनगरिंद्र यांनी १९८८ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, असाच दुसरा मोठा प्रकल्प सुरू केला होता. या दोन्ही कामांचा अनुभव घेऊन थायलंडने पेरूच्या साथीने संयुक्त राष्ट्रांत पाठपुरावा केला. नोव्हेंबर २०११ मध्ये चियांग राय आणि चियांग माईला कार्यशाळा झाली, नोव्हेंबर २०१२ मध्ये लिमाला परिषद झाली आणि डिसेंबर २०१३ मध्ये आमसभेने पर्यायी विकासाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आधी उत्पन्न, मग उच्चाटन, हा क्रम त्यांत आता लेखी आहे.

लेखी असूनही पाळला जातोच असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने अफूवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये तिथली लागवड सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. शेतकऱ्याला बदल्यात काही मिळाले नाही. त्याच वर्षी म्यानमार, म्हणजे पूर्वीचा ब्रह्मदेश, जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. अंदाजे १,०८० टन. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे यादवी वाढली, रोजगार गेले, चलन घसरले आणि शान प्रांतातला शेतकरी पुन्हा पोस्ताकडे वळला. आंग खांगचे केंद्र त्याच शान प्रांताच्या सीमेवर आहे. अलीकडच्या आणि पलीकडच्या डोंगरांची उंची तीच, हवा तीच, कितीदा माणसेही एकाच जमातीची. अलीकडे पीच आणि चहा, पलीकडे पोस्त, हा फरक राज्यव्यवस्थेने पडला आहे, मातीने नाही.

अलीकडच्या बाजूलाही एक काम राहिले आहे. डोंगरावरची पुष्कळ जमीन थाई कायद्याने राखीव वन किंवा पाणलोट क्षेत्र आहे. तीन पिढ्या तिच्यावर कलमे बांधणाऱ्या किती तरी कुटुंबांच्या नावावर ती झालेली नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर सातबारा नाही. काहींच्या घरी नागरिकत्वाचे कागदही उशिरा आले, काहींचे अजून यायचे आहेत. हे प्रतिष्ठानाच्या हातातले नसले, तरी त्याचा शब्द थाई सरकारात ऐकला जातो आणि तो शब्द त्याने या कुटुंबांसाठी टाकायला हवा.